काशीरामाने काढलेली मधमाश्यांची दृष्ट

भात पिकवायचे तर कमरेतून वाकावे लागते, आणि काशीरामाला वाकायचे नव्हते. पुढचे सगळे रामायण एवढ्यावरूनच घडले.

मुंबईच्या पेढीवरची कारकुनी सोडून तो मिठबावला परतला तेव्हा वाटणीतला एक कुणगा, म्हणजे भाताचे बेताचे खाचर, त्याची वाट पाहत होता. चिखल तुडवायचा, लावणी करायची, आणि हाती काय, तर घरच्यांना जेमतेम पुरेल आणि पाहुणा आला की संपेल एवढा तांदूळ. अशात कट्टा गावच्या बाजारात त्याने एका खादीवाल्या गृहस्थाचे व्याख्यान ऐकले. मधमाश्या पाळा, नांगर नको, बैल नको, माश्या राबतात आणि मालक खातो. आपण सोडून इतरांनी राबावे हे तत्त्व काशीरामाला ताबडतोब पटले. (पेढीवरचे शेठही याच मताचे होते.) तो मधमाश्यांची पेटी घेऊनच एसटीतून उतरला. बाकीचे उतारू एक थांबा आधीच उतरून गेले होते.

"पेटयेत काय आसा?" बायकोने, प्रेमलतेने, विचारले.

"आपलं शेत," काशीराम मुंबईच्या मराठीत म्हणाला.

"शेत पेटयेत भरून हाडलात? आणि भात?"

"मध विकायचा आणि तांदूळ विकत घ्यायचा."

"घरचो कुणगो आसताना इकतचो तांदूळ? लोक तोंडात शेण घालतीत." तिने पदर खोचला. "मिरगाआधी घरात मध इलो तर बरा. नाय इलो, तर कुणग्यात भात पडतलो आणि नांगर तुमी धरतलात."

मृग नक्षत्राला अजून अवकाश होता, म्हणून काशीरामाने ते कबूल केले. नांगराच्या नुसत्या आठवणीने त्याची कंबर धरली.

माश्यांनी मात्र त्याची लाज राखली. परसात फणसाखाली ठेवलेल्या पेटीत वैशाखापर्यंत पोळी मधाने जड झाली. दुसऱ्या दिवशी पोळे कापायचे ठरले, आणि ही बातमी काशीरामाने स्वतःच गावभर केली. (त्याच्या तोंडात तीळही भिजत नसे, तर बातमी कुठून राहणार?) सगळी वाडी बघायला लोटली. थोरला भाऊ आबा पेटीवर टिचक्या मारून गेला. शेजारची सुभद्राकाकी गालावर हात ठेवून म्हणाली, "बाये, केवढो हो मध. अख्ख्या वाडीक पुरात."

त्यानंतर तासाभरातच एका माशीने काशीरामाला पापणीवर डंख केला. उरलेल्या एका डोळ्याने त्याने विचार केला आणि त्याला खात्री पटली की पेटीला दृष्ट लागली. चारचौघांत तो अंधश्रद्धेविरुद्ध बोलत असे, पण तेव्हा त्याचा मध पणाला लागलेला नसे. प्रेमलता व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणे घेऊन गेलेली बघून त्याने खापरात निखारे घेतले, मीठ-मोहरी आणि मूठभर सुक्या मिरच्या पेटीवरून ओवाळल्या, "आल्यागेल्याची, इष्टादुष्टाची" असे पुटपुटला, आणि सगळे निखाऱ्यांवर टाकून खापर पेटीखाली सारले.

दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका येत नाही, असे म्हणतात. काशीराम खोकून खोकून आडवा झाला. म्हणजे दृष्ट मुळात नव्हतीच. पण हे माश्यांना कोण सांगणार? त्या मधाने पोटे भरून घेऊन एकजात उठल्या आणि निघून गेल्या. पोळ्यात राहिलेला मध प्रेमलतेने परत आल्यावर बोटाने चाखला आणि तिथेच थुंकला.

"मध तिखट कसो लागता?" तिने विचारले. काशीरामाने खापर पायाने मागे ढकलले.

माश्या गेल्या थेट ग्रामदेव रवळनाथाच्या देवळात आणि घंटेला फणसाएवढा घोळका करून लोंबकळल्या. रिकामी पेटी डोक्यावर घेऊन काशीराम धावला. मागून प्रेमलता, आबा आणि सगळी वाडी.

दारात बाबली गुरव आडवा आला. "देवळात इल्ली वस्तू कौल घेतल्याशिवाय भायर जाणा नाय."

"अरे, माझ्या माश्या आहेत त्या."

"तुझ्यो होत्यो तर तुझ्याकडे कित्याक नाय रवल्यो?"

माश्या परत द्यायच्या का, हे देवालाच विचारायचे ठरले. बाबलीने देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही. डावी पडली.

"वारा आला," काशीराम म्हणाला. पुन्हा लावली. पुन्हा डावी.

"आता परत इचारशीत, तर देव पाषाण उचलून मारीत," आबा म्हणाला.

माश्या देवाच्या झाल्या. संताप काशीरामाच्या कानांपर्यंत चढला होता, पण देवाशी भांडणार कसा? मिरगाला थोडेच दिवस उरले होते, आणि प्रेमलता खांबाला टेकून शांतपणे त्याच्या कमरेकडे बघत होती. बाबली गाऱ्हाणे घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विनवायला, उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकरान माशयो पाळल्यान, त्यो तू पदरात घेतलंस."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला आसात तर वाकड्याचा सरळ कर. ह्या मिरगाक ह्येका नांगर धरूची बुद्धी दी, आणि जलमभर ह्येच्या हातून भातच पिकव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला दुसरे उत्तर असते हे मिठबावात जन्मलेल्या माणसाला ठाऊकच नसते. डोळे मिटून, हात जोडून, बायकोच्याही आधी आणि सगळ्या वाडीहून मोठ्याने काशीराम म्हणाला, "व्हय म्हाराजा."