गिऱ्हाइकाचा फ्रॉक

शिवणकाम करणाऱ्या बाईंचं एक ठाम मत होतं. सरकारी कचेरीत फाटक्या कपड्यांत गेलं की कुणी हिंग लावून विचारत नाही! म्हणून मुलांच्या आरोग्य विम्याचं कार्ड काढायला निघताना त्यांनी लेकीला गिऱ्हाइकाचा नवाकोरा साटिनचा फ्रॉक घातला. नवऱ्याचं इस्त्रीचं दुकान, त्यानं तिथलाच एक कोट चढवला.

लेकीचा उजवा कान वर्षभर वाहत होता. ऑपरेशनचा खर्च ऐकून दोघांची झोप उडाली होती. यंदा योजना वाढली, त्यांच्यासारख्यांच्या मुलांनाही घेतलं, आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस.

खिडकीतल्या साहेबांनी कोट पाहिला, फ्रॉक पाहिला, मग उत्पन्नाचा दाखला पाहिला.

"हा दाखला तुमचाच?"

"आमचाच की, साहेब."

"अहो, ही योजना गोरगरिबांच्या मुलांसाठी आहे! बायकोनं आमच्या छकुलीला अस्साच फ्रॉक शिवायला टाकलाय, तर माझा बाहेरचा चहा बंद झालाय."

बाईंनी लेकीच्या फ्रॉककडे पाहिलं. साटिन तेच, लेस तीच! म्हणजे हा साहेबांच्याच छकुलीचा फ्रॉक! साहेबांच्या बायकोला तर त्यांनी कालच 'कापड अजून कापलंच नाही' म्हणून परत पाठवलं होतं. त्या लेकीच्या डाव्या, चांगल्या कानाशी वाकून घाईघाईनं कुजबुजल्या. पण कान बिघडल्यापासून पोरीला मोठ्यानंच बोलायची सवय लागली होती, त्यामुळे ती बोलायची ती गावाला ऐकू जाईल असं.

"गिऱ्हाइकाचा फ्रॉक आहे हे सांगायचं नाही ना, आई? आणि बाबांचा कोट?"

सगळी रांग खो खो हसली. बाबा कोटात आणखी आत गेले.

"म्हणजे त्या शिवणवाल्या बाई तुम्हीच?" साहेब उठूनच उभे राहिले. "कापड कापलं नव्हतं ना?"

"झालाय शिवून... जरा फिटिंग बघत होते," बाईंची बोबडी वळली. "शिलाई देऊ नका साहेब, पण पोरीचं कार्ड अडवू नका हो. कान दुखला की फार रडते बिचारी."

साहेब विरघळले. दाखला खरा आहे याची आता खात्रीच पटली होती. त्यांनी शिक्का मारला आणि खिडकीतून वाकून मुलीच्या डाव्या कानात हळूच म्हणाले, "आमच्या घरी यातलं काही कळू द्यायचं नाही हं."

"का? तुम्ही बायकोला घाबरता?"

अख्खी कचेरी माना वळवून बघू लागली. साहेब लालबुंद झाले. त्यांनी अर्ज मागे ओढला, तसा बाईंचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी लाल शाईचं पेन उचललं आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'अत्यंत तातडीचे. हिचा कान सर्वांत आधी बरा करावा.'