काळी नव्हे, तपकिरी

अप्पांनी आयुष्यभर स्टुडिओत लोकांचे फोटो काढले आणि घरी आल्यावर बायकोचे. स्टुडिओ बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, बायको जाऊन दोन. कपाटात तिचे चौदा अल्बम शिस्तीत उभे होते. कुठलाही फोटो काढा, उजेड कुठल्या खिडकीतून येत होता, तिने केस तसे का बांधले होते आणि फोटोच्या आधी दोघांचं कशावरून वाजलं होतं, हे अप्पा धडाधडा सांगत. डोळ्यांनी पाहिलेलं काही म्हणजे काही ते विसरले नव्हते.

असा हा माणूस एका सकाळी चहाचा कप हातात धरून मुलाला म्हणाला, "मला तिची चाल आठवत नाही रे."

मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. कोणती चाल ते त्याला सांगायला नको होतं. आई काम करताना एक चाल गुणगुणायची. शब्द नाहीत, आगापिछा नाही, कुठून उचलली तेही ठाऊक नाही. पस्तीस वर्षं ती घरात पंख्यासारखी चालू होती, त्यामुळे कोणी मुद्दाम ऐकलीच नव्हती.

"सोपी आहे की," मुलगा म्हणाला आणि गुणगुणायला लागला. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"हा साबण आहे," ते म्हणाले. "टीव्हीवर लागतो तो."

मुलाने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. या वेळी रंगाच्या डब्याची जाहिरात निघाली. अप्पा उठून गेले. चहा तसाच राहिला.

घरात आईची एक फिल्मही होती. अप्पांनी कधीकाळी मित्राचा कॅमेरा आणून एका दुपारी काढलेली, तीन मिनिटांची, मुकी. मुलाने ती नुकतीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. आई वाळलेले कपडे घेऊन गॅलरीतून येते, पॅसेजमधून कॅमेऱ्याकडे चालत येते, ओठ हलताहेत, म्हणजे ती चाल चालू आहे. अप्पांनी ती एकदाच पाहिली होती. मध्येच म्हणाले होते, "बंद कर. तोंड हलतंय आणि काही येत नाही. काचेपलीकडे उभी असल्यासारखी वाटते."

सून हुशार. ती म्हणाली, "मामांना आठवत असेल ना? सख्खे भाऊ आईंचे. पुढच्या रविवारी अप्पांना ऐंशी पूर्ण होताहेत. फिल्मवर ती चाल बसवू आणि दाखवू. समोरचे मास्तर वाजवतील."

समोरच्या फ्लॅटमध्ये संगीताचे मास्तर राहत. त्यांच्याकडे कीबोर्ड होता आणि तो वाजवायला ते कुठलंही निमित्त शोधत असत. ते एका पायावर तयार झाले. राहिले मामा. त्यांना घरात सगळे खुट्टमामा म्हणत. ते चौतीस वर्षं सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात होते आणि त्यांचं काम चालण्याचं होतं. पडद्यावर नायिका जिना उतरायची तेव्हा आवाज मामांच्या पायांचा असे. जाडजूड मिशा, सुटलेलं पोट, पायात उंच टाचेचे सँडल आणि समोर माइक, अशा थाटात मामांनी शेकडो नायिकांना प्रियकराकडे पोचवलं होतं.

मुलाने फोन लावला. "मामा, आईची चाल आठवते का तुम्हाला?"

"आठवते का काय विचारतोस? डोळे मिटले की ऐकू येते."

"ती फिल्मवर बसवायची आहे. अप्पांसाठी."

"तुझ्या बापाने आजवर माझ्या कामाला काम म्हटलं नाही," मामा म्हणाले. "येतो. सगळा तिच्याच घरातला आवाज घेतो."

घोटाळा झाला तो इथे. मुलगा म्हणाला चाल, म्हणजे गाण्याची. मामांच्या धंद्यात चाल एकच, पायांची. दोघांनीही आनंदाने फोन ठेवला.

मामा माइक, यंत्र आणि पावलांखाली पसरायच्या वाळूची पिशवी घेऊन राहायला आले. अप्पांना सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला आलेत. अप्पा रोज चार ते साडेपाच बागेत फिरायला जात. तेवढ्या वेळात काम उरकायचं ठरलं. अपुरं काम मामा कोणाला ऐकवत नसत. पॅसेजचं दार आतून लावून घेत.

पहिल्याच दिवशी जिन्यात मास्तरांनी त्यांना गाठलं.

"चालीबद्दल थोडं विचारायचं होतं. पट्टी कुठली?"

"डावी," मामा म्हणाले. "डावी पट्टी तुटलेली होती. पिन लावून चालवायची."

मास्तर जरा घुटमळले. "मी स्वराचं म्हणतोय. काळी चार?"

"काळी नव्हे, तपकिरी. आणि चार कुठली, पाच. पाच नंबर."

"अस्सं. आणि लय?"

"सकाळी घाईची, दुपारी संथ. फिल्म दुपारची आहे."

"ठेका?"

"उजव्यावर जोर. डावा गुडघा दुखायचा ना तिचा."

"आणि समेवर कुठे येतात?"

"समेचं मला माहीत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबायची."

मास्तर घरी गेले आणि मग लगोलग मुलाकडे आले. "फार जाणकार गृहस्थ आहेत," ते दबलेल्या आवाजात म्हणाले. "आमच्याकडे काळी आणि पांढरी, एवढंच. त्यांच्याकडे तपकिरीही आहे. जुन्या लोकांची परिभाषा असणार. मी काही विचारत बसलो नाही, आपलं अज्ञान कशाला दाखवा."

मुलाला मामांचा अभिमान वाटला. मामांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तिच्या चपला लागतील."

"चपला कशाला?"

"तुला चाल हवी का नको?"

कलावंताच्या लहरी असतात, मुलाने समजून घेतलं. आईची तपकिरी चप्पल अप्पांनी कागदात गुंडाळून अल्बमच्या मागे ठेवली होती. ती त्याने हळूच काढून दिली. चप्पल पाच नंबरची, मामांचा पाय नऊ. मामांनी टाच बाहेर ठेवून दोन फेऱ्या मारल्या आणि उजवी पट्टीही तुटली. सुनेने कोणाला न विचारता दोन्ही चपला नाक्यावर नेऊन शिवून आणल्या. शिवणाऱ्याने मन लावून काम केलं होतं. पट्ट्या घट्ट, सुटलेला तळ चिकटवलेला, वर पॉलिश.

मामांनी त्या घालून एक पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसले. "आवाज गेला," ते म्हणाले. "सुटलेला तळ आधी घासायचा, मग आपटायचा. सट् फट. आता नुसतं थप. ही तुझी सासू नव्हे, ही बँकेतली बाई आहे."

मग मामांनी सुरी घेऊन ती दुरुस्ती उसवली. पहिला दिवस त्यातच गेला.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. तोंड पांढरंफटक. अप्पा बागेत, पॅसेजचं दार बंद. सून एकटी बाहेरच्या खोलीत भाजी चिरत होती.

"तुला घाबरवायचं नाही मला," काकू म्हणाल्या, "पण वहिनी परत आल्यात. रोज चार वाजता येतात. तीस वर्षं माझ्या डोक्यावर चालल्यात त्या, मला कळत नाही का? गॅलरीतून निघतात, पॅसेजमधून जातात आणि उंबऱ्यावर थांबतात. परत गॅलरीत जातात आणि पुन्हा तेच. काहीतरी राहून गेलंय गं त्यांचं."

सुनेने त्यांना पाणी दिलं. "मामा आहेत ते, काकू. चाल बसवताहेत." काकूंचा विश्वास बसला नाही, पण रविवारी यायचं त्यांनी कबूल केलं.

चौथ्या दिवशी अप्पांनी कपाट उघडलं आणि अल्बमच्या मागे हात घातला. कागद होता, चप्पल नव्हती. त्यांनी चौदा अल्बम बाहेर काढले, कपाट रिकामं केलं, गादी उलथली. मुलगा मदतीला आला तर म्हणाले, "तुम्ही टाकून दिलीत. तुटकी होती म्हणून टाकून दिलीत."

"नाही हो अप्पा, असेल इथेच."

"फोटो ढीगभर आहेत रे. तिच्या अंगाला लागलेलं तेवढंच होतं माझ्याकडे."

त्यानंतर ते घरात कोणाशी बोलेनात. मुलाला रात्रभर झोप नाही. सांगावं तर सगळंच फुटतं, न सांगावं तर बाप कुढतोय. तो मामांकडे गेला. मामांनी चप्पल छातीशी धरली. "रविवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "मलाही ती एवढीच उरलीय."

तर रविवार उजाडला. दुपारी पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर लावली. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून कीबोर्डपाशी बसले. बोटं तयार. काकू दाराजवळ बसल्या, गरज पडली तर पळता यावं म्हणून. अप्पांना हाताला धरून खुर्चीत बसवावं लागलं. "मुकी फिल्म बघायची नाही मला," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

खोलीत अंधार झाला तसा त्यांनी एक उद्योग केला. अप्पांना गोड बंद होतं. आई होती तोवर तिचा पहारा असे, आता सुनेचा. सून मांजरीच्या पावलांनी येई, घर उलथंपालथं करी, पण क्रीमच्या बिस्किटांचा डबा तिला दोन वर्षांत सापडला नव्हता. तो खुर्चीच्या गादीखाली असे. अप्पांनी अंधारात तो मांडीवर घेतला आणि रागारागाने एक बिस्किट तोंडात टाकलं.

फिल्म सुरू झाली. गॅलरीचं दार उघडलं. कडी वाजली. आई आत आली, हातात कपड्यांचा ढीग.

सट् फट. सट् फट.

मास्तर थांबले. सुरुवातीला थोडा ठेका येणार, हे त्यांनी धरलंच होतं. आई खुर्चीला वळसा घालून पॅसेजमध्ये आली. सट् फट, सट् फट. कमरेच्या किल्ल्या किणकिणल्या. ओठ हलत होते, त्यावर आवाज काही नाही. मुलगा मामांच्या कानाशी लागला. "मामा, चाल कुठाय?"

"ही काय," मामा म्हणाले. "कान गेले का तुझे?"

"ही नाही हो. गाण्याची चाल. ती गुणगुणायची ती."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. "गाण्याची? ती मला कुठून माहीत असणार? ती लग्नानंतर गुणगुणायला लागली. आमच्या घरी तिला कोणी तोंड उघडू देत नव्हतं."

मुलाने डोक्याला हात लावला. आठवडाभर घर डोक्यावर घेतलं, बापाचा अबोला सोसला आणि हाती आली पावलं. मास्तरांची बोटं अजून हवेत होती. तपकिरी पट्टी आता सुरू होईल, मग सुरू होईल, अशा आशेवर ते होते.

भिंतीवर आई जवळ येत होती. सट् फट. सट् फट. आवाज मोठा होत होता. आणि अप्पा खुर्चीत ताठ झाले. त्यांनी झटकन डब्याचं झाकण लावलं, डबा गादीखाली सरकवला, सदऱ्यावरचा चुरा झटकला आणि तोंड पुसून समोर बघत बसले, शाळेतल्या मुलासारखे.

"काही खाल्लं नाही मी," ते म्हणाले.

सुनेने डबा पाहिला आणि तिथेच राहू दिला. अप्पांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आई उंबऱ्यावर थांबली होती. तिने कॅमेरा पाहिला, हात हलवून पुरे पुरे म्हणाली आणि परत फिरली. पावलं पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या पावलाला अप्पांच्या घशातून काहीतरी निघालं. आधी खाकरल्यासारखं, मग हळूहळू सूर. साबण नव्हता, रंगाचा डबाही नव्हता. 'सट्'वर एक सूर, 'फट'वर दुसरा. आई तिच्या पावलांवरच गुणगुणत असे, एवढंच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मास्तरांनी बोटं टेकवली आणि दबक्या आवाजात चाल उचलली. मुलगा उघड उघड रडला, काकूही रडल्या.

फिल्म संपली. मामांनी पिशवीतून चप्पल काढून अप्पांच्या मांडीवर ठेवली. अप्पांनी सुटलेल्या तळावरून अंगठा फिरवला.

"किती वेळा सांगितलं होतं तिला, शिवून घे म्हणून," ते म्हणाले.

"मीही सांगितलं होतं," मामा म्हणाले. "तर म्हणाली, राहू दे. मी येतेय ते त्यांना कळलेलं बरं. डबा लपवायला वेळ मिळतो. नाहीतर रोज भांडत बसावं लागेल."

अप्पांनी सुटलेला तळ एकदा दाबून सोडला. मग म्हणाले, "मेहुणे, काम चांगलं केलंत." मामांनी मिशांवरून हात फिरवला आणि खिडकीकडे तोंड केलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं कोणी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा लाव," अप्पा मुलाला म्हणाले. त्यांनी गादीखालून डबा काढला, झाकण उघडून बाजूला ठेवलं आणि डबा मांडीवर सगळ्यांना दिसेल असा धरला.

"अप्पा, डबा द्या इकडे," सून म्हणाली.

"थांब जरा," अप्पा म्हणाले. "या वेळी तिला पकडू दे."