पेठेचा पिन

रेवणप्पांच्या घराचा पिनकोड सहावर संपायचा आणि समोरच्या विरेशचा एकवर. मध्ये जेमतेम दहा फुटांची गल्ली. पण एक म्हणजे मानाच्या पेठेचा पिन! विरेशने तो पोराच्या लग्नपत्रिकेवर ठळक छापला, तेव्हापासून रेवणप्पांच्या पोटात दुखत होतं.

एके सकाळी सांख्यिकी खात्याच्या कामावरची सोनाली टॅब घेऊन दारात आली. "अण्णा, पिन सहाच ना?"

"व्हय. पण दोन पिनांची हद्द कुटनं जाती, सांग की."

"हद्द कुणी आखलेलीच नाही, अण्णा. पोस्टमन फिरतो तसा पिन. आम्हाला जनगणनेचे आकडे पिनवार मांडायचेत. म्हणून तुमच्या एकोणीस घरांच्या गटात जास्त घरं जो पिन लिहितील, तोच तक्त्यात सगळ्यांना. आत्ता अकरा सहा, आठ एक. शुक्रवारी यादी बंद."

रेवणप्पांनी बोटं मोजली. दोनच घरं फिरायला हवीत! "माजा सहा खोड. एक लिव."

दुसरं घर शेजारच्या अक्कम्माचं. "अक्का, एक लिवा. पार्सल लौकर येतंय."

अक्कम्माने यादीत एक लिहिला. शिवाय गुडघ्याचा पट्टा मागवला, त्यावरही एकच लिहिला. पट्टा पेठेतल्या पोस्टात जाऊन बसला.

"रेवणप्पा, मला उठता येईना की! पट्टा कुटं हाय?"

रेवणप्पा रिक्षाने पोस्टात गेले. "ज्याचं पार्सल, त्यानंच यायचं," खिडकीतून उत्तर आलं. परत येऊन त्यांनी अक्कम्माला रिक्षात घातलं. नवी पेठेच्या गर्दीतून ती जाता-येता कण्हत होती. "घरी गेल्यावर पयला यादीतला तो एक खोडायला लावते!" शेवटी रेवणप्पांनी आठवडाभर तिचं दळण आणायचं कबूल केलं, तेव्हा कुठे एक टिकला.

शुक्रवारी संध्याकाळी सोनालीचा फोन आला. "अण्णा, दहा सहा, नऊ एक. सगळा गट सहामध्ये गेला."

"आसं कसं? उलटं पायजे!"

"दुपारी समोरचं एक घर सहावर फिरलं."

रेवणप्पा बाहेर आले, तर विरेश पेढे घेऊन उभा. "अण्णा, तोंड गोड करा. आमी बी सहात आलो! तुमच्याकडं पोस्टमन सकाळीच येतो, आमच्याकडं चार वाजता. लई जळायचो बघा तुमच्यावर. आता उद्यापासनं सकाळी!"

रेवणप्पांना ठाऊक होतं, हे नुसतं तक्त्यातलं. पोस्टमन विरेशकडे चारलाच येणार. अगदी जिभेवर आलं. पण सांगितलं, तर हा पठ्ठ्या पुन्हा पेठेचा पिन मिरवणार!

त्यांनी पेढा मुकाट्याने गिळला आणि विरेशचा फुललेला चेहरा बघत उभे राहिले. बघवत नव्हता, तरी.