लावू का रं?

सणसरच्या आमच्या गल्लीत महादेवतात्या घरातला एक बल्ब लावण्याआधी अख्ख्या गल्लीची परवानगी घ्यायचे. दिवेलागणीला ओट्यावर उभे राहायचे, तोंडाशी हात धरायचे आणि लांबलचक हाक द्यायचे, "लावू का रंऽऽ?"

मग इकडून "लावा तात्या!", तिकडून "व्हय, लावा!" असं होत होत गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीतून शकुअक्काचं "लावा की ओ एकदाचं!" आलं, की तात्या आत जाऊन बटण दाबायचे. एखाद्या घरातून उत्तर आलं नाही, तर गडी अंधारात उभाच. "शिंप्याच्या घरातनं आवाज न्हाय आला. जरा बघून या वो, मास्तर." मास्तर म्हणजे मी. हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि तात्यांच्या समोरच भाड्यानं राहायचो, त्यामुळं ही चौकशी कायम माझ्याच बोकांडी.

हे खूळ उगाच लागलेलं नव्हतं. एका संध्याकाळी तात्यांनी निमगावच्या बाजारातून नवा बल्ब आणला, बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाईट गेली. गल्लीची गेली, गावाची गेली, पार भवानीनगरच्या बाजूचा उजेडही गेला. सकाळी रेडिओनं सांगितलं, कुठंतरी मोठा बिघाड होऊन निम्म्या राज्यात अंधार झाला होता. तात्या रेडिओसमोर मटकन बसले. "साठचा बल्ब व्हता, मास्तर. चाळीसचा आणाया पायजे व्हता."

मी समजावायला गेलो आणि प्रकरण आणखी चिघळलं. मी म्हटलं, "तात्या, सगळीकडच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. ज्या घटकेला जेवढी वीज लागते, त्या घटकेला तेवढीच तयार करावी लागते. तो मेळ बिघडला की सगळंच बंद पडतं." तात्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. ते लगेच म्हणाले, "कळलं. आमच्या आज्याच्या कळपातलं एक मेंढरू बुजलं, तर समदी उधळली व्हती. पार भिगवणपतुर. म्हंजी ते मेंढरू मीच की!" आता बोला!

खरं म्हणजे गल्लीचं व्होल्टेज खायची ती शकुअक्काची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की आमचे बल्ब तांबडे व्हायचे आणि पंख्याची पाती मोजता यायची. पण अक्का कुणाला विचारेल तर शपथ! वर म्हणायची, "त्यांच्या एका बल्बाला एवढं नाटक. मी इचारत बसले तर गाव उपाशी झोपंल."

अशात तालुक्याच्या कुठल्याशा योजनेतून तात्यांना सौर दिवे मिळाले. छपरावर निळी काचेची फळी, घरात बॅटरी आणि दिव्याच्या दोन नळ्या. बसवणारा माणूस "सोलर, सोलर" म्हणत होता. शकुअक्कानं गावभर केलं, तात्याकडं सोलापूरची लाईट आली! तात्यांचा चेहरा पडला. "सोलापूरवाल्यांना कमी पडंल की वो, मास्तर!"

त्यांना अंगणात नेऊन वर सूर्य दाखवला, तेव्हा कुठं खुलले. मग काय, गल्लीत पेढे. "आजपासनं तारंवरचा माझा भार उतरला. आता बिनघोर लावा समदी!"

त्याच संध्याकाळी लाईट गेली. गल्लीत काळाकुट्ट अंधार आणि तात्यांचं घर लख्ख. तात्या धावत ओट्यावर आले आणि जीव तोडून ओरडले, "आज मी न्हवतो हां!"

पुढं आषाढात आभाळ असं भरून राहिलं, की फळीला ऊन दिसेना. बॅटरी बसली. मी म्हटलं, "तात्या, जुनं बटण दाबा की." तर म्हणाले, "आभाळ काय माझ्या एकट्यावर आलंय? उद्या गावोगाव असल्या फळ्या झाल्या, तर असल्या दिवशी समदी एकदम जुन्या तारंवर येतील. पेलंल का तिला?"

"म्हणून तर मागं राखीव वीज ठेवावी लागते, तात्या."

"मग मी ऱ्हातो राखीव," म्हणाले आणि कंदील पेटवून ऐटीत बसले. मी घरी येऊन हसून हसून लोळलो.

ऊन परतलं, नळ्या पुन्हा लागल्या. आणि एक दिवस तात्या माझ्या दारात. "मास्तर, ती फळी काढून शाळंला न्या."

"का हो? बिघडली?"

"न्हाय, झ्याक चालतीया." खाली बघत टोपीशी चाळा करत राहिले. "पर आता इचारायला कारणच न्हाय ऱ्हायलं. दोनी पोरं भोसरीला. ही गेल्यापास्नं घरात बोलायला कोण न्हाय. दिस मावळताना हाक दिली की समदी 'लावा' म्हनायची. कोण घरला आलंय, कोण न्हाय, कळायचं. आता बटण दाबतो, उजेड पडतो, आन् त्यात मी एकटाच."

फार वाईट वाटलं. "उद्या बघू" एवढंच म्हटलं आणि तडक गिरणीत जाऊन शकुअक्काला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदरावरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गिरणी गप्प होती. दळणाचे डबे घेऊन बाया खोळंबलेल्या. तेवढ्यात अक्काचा खणखणीत आवाज आला, "तात्याऽऽ, गिरण चालू करू का?"

तात्या दचकून ओट्यावर आले. "मला गं काय इचारती?"

"तुमी राखीव हाय न्हवं? मग तुमास्नी इचारल्याबिगर कसं चालू करायचं?"

झालं! "तात्या, आमी लावू का?" "तात्या, टीव्ही लावू का?" शिंप्याच्या घरातून, पलीकडच्या आळीतून, सगळीकडून हाका. मीही माझ्या दारातून ओरडून घेतलं. तात्यांनी धोतर सारखं केलं. आभाळ पाहिलं, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर पाहिला. डोळे पुसले, तोंडाशी हात धरले आणि सगळ्या जन्माची हाक घातली, "लावाऽऽ!"

घराघरांत बटणं दाबली गेली, गिरणी घरघरली आणि फाटकन सगळ्या गल्लीची लाईट गेली.

मग ओट्यावरून तात्यांचा आवाज आला, इतका खूश, की नवरदेवाचाही नसेल.

"ह्या बारीला मातुर मीच व्हतो रंऽऽ!"