हात महाग झाला की

लग्न होऊन मी मुलुंडला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या दारातल्या टिपणीस मॅडम आमच्याकडे आल्या. नव्या नवरीसाठी नारळ आणला होता. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि माहेराहून आलेल्या माझ्या मिक्सरकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता किंमत विचारतील. त्यांनी विचारलं, "या मजल्यावर मिक्सर तुमच्याकडेच आधी का आला?"

मी म्हटलं, बाबांनी दिला.

"कोणी दिला ते कळलं. का दिला?"

आईला वाटलं असेल, नोकरी करणारी मुलगी, सकाळी पाट्यावर वाटत कुठे बसणार, असं काहीतरी मी पुटपुटले. मॅडमचा चेहरा खुलला. "म्हणजे तुमच्या आईच्या लेखी तुमचे हात महाग आहेत. बरोबर. हात महाग झाला की यंत्र येतं." एवढं बोलून त्या गेल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, आता तू बिल्डिंगची झालीस.

मॅडम ठाण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीच्या, उंच, हाताला पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. त्यांच्या आयुष्यात प्रश्न एकच होता: कारखाने जगात सगळ्यांत आधी इंग्लंडमध्येच का निघाले? चीनमध्ये का नाही? हॉलंडमध्ये का नाही? ज्या बंगालची मलमल सगळं जग नेसत होतं, तिथे का नाही? पुढे त्या प्रश्नाला इंग्लंड पुरेना. गल्लीत पिठाची गिरणी निघाली, तेव्हा मालकाला त्यांनी दळण बाजूला ठेवायला लावून विचारलं, की गिरणी याच गल्लीत आधी का? बिल्डिंगमध्ये कांजिण्यांची साथ आली, तेव्हा त्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन म्हणाल्या, "पण कर्णिकांकडेच आधी का?" कर्णिकवहिनी त्यानंतर पंधरा दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा भरायची. तिथून तेव्हा खाडीपर्यंत नुसती मिठागरं दिसत आणि संध्याकाळचा वारा अंगाला खारट लागे. कर्णिक रेल्वेच्या ऑफिसातले. ते म्हणायचे, "कोळसा, मॅडम. कोळसा जमिनीखाली आणि बंदर शेजारी. संपला विषय." मॅडम म्हणायच्या, कोळसा चीनमध्येही होता. कर्णिक म्हणायचे, असेल, पण लांब होता. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, यात एवढा विचार कसला, आपल्याला लुटलं आणि त्या पैशावर गिरण्या काढल्या. त्यावर मॅडम चष्मा काढून पदराला पुसत. "लुटायला पोर्तुगीजही आले होते ना? मग पहिल्या गिरण्या लिस्बनला का नाही?" मग त्या सांगायच्या, की काही विद्वान म्हणतात, इंग्लंडात कारागीर आणि शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलत होते. काही म्हणतात, तिथे कायदा बरा होता, माणसाला आपली कमाई आपल्याकडे राहील अशी खात्री होती. कर्णिकवहिनी एकदा चिवड्याची ताटली ठेवताना म्हणाल्या, "थंडी असेल हो. दाराबाहेर पडता येत नाही, मग बसून करणार काय?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा आठवडाभर विचार केला आणि पुढच्या रविवारी वहिनींना सांगितलं, की तसं असतं तर रशियाचा नंबर पहिला लागला असता.

मॅडमचा स्वतःचा पक्ष मजुरीचा. इंग्लंडात मजूर महाग होता आणि कोळसा स्वस्त. आपल्याकडे उलटं. ज्याला माणूस स्वस्तात मिळतो, तो यंत्रावर पैसा कशाला घालेल? हे त्या इतक्या आनंदाने सांगायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, इंग्लंडातल्या मजुराची पगारवाढ यांनीच करून दिली.

तशी पगारवाढ त्यांनी एकदा खरंच करून दिली.

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांचं धुणं-भांडं अनुसयाबाई करायची. मालवणकडची. नवरा कामाला होता ती कापडगिरणी बंद पडल्यावर भांडुपहून चालत यायला लागली होती. कामाला चोख, बोलायला फटकळ, पण पैशाचा विषय निघाला की जीभ टाळ्याला चिकटायची. वर्षानुवर्षं तोच पगार घेत होती. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला खुर्चीवर बसवून शिकवणीच घेतली. पैसे कसे मागायचे, कोणी "बघू" म्हटलं तर काय बोलायचं, सगळ्या घरांत एकाच दिवशी का मागायचं. मी साखर मागायला गेले होते, तर मॅडम कर्णिकवहिनी झाल्या होत्या आणि अनुसयाबाई त्यांच्याकडे पगार मागायचा सराव करत होती. मॅडमनी वहिनींचा आवाज बरा काढला होता.

पहिली वाढ मॅडमनी स्वतः दिली. मग बाकीच्यांनी कुरकुरत दिली. मीही दिली. पुढचे काही महिने मॅडमइतकं खूश बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. अनुसयाबाईने नवीन चपला घेतल्या, तर त्या मॅडमनी आम्हाला बोलावून दाखवल्या.

दिवाळीला कर्णिकांकडे वॉशिंग मशीन आलं. हमालांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं, तेव्हा जिन्यात सगळी बिल्डिंग जमली होती. आमच्याकडचं ते पहिलंच. कर्णिकांनी नळाला पाइप जोडला, बटण फिरवलं आणि आम्ही सगळे वाकून आत बघायला लागलो. कर्णिकांचे सदरे गरागरा फिरत होते. इतक्यात मॅडम आल्या. सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली आणि कान टवकारले. मॅडम त्या फिरणाऱ्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

शेवटी कर्णिकवहिनीच म्हणाल्या, "आज विचारत नाही ते? आमच्याकडेच आधी का म्हणून?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं. धुण्याचे आता इतके द्यावे लागतात, की हिशेब केला, त्यापेक्षा मशीनचा हप्ता बरा.

कर्णिकांनी हात जोडले. "मॅडम, तुम्ही जिंकलात. आजपासून मी कोळसा सोडला."

सगळे हसले. मीही हसले. दाराशी बादली घेऊन उभी असलेली अनुसयाबाईही, सगळे हसतायत म्हणून, हसली. मॅडम मात्र मशीन आलं म्हणून वहिनींनी वाटलेला पेढा हातात तसाच धरून जिना उतरून गेल्या.

होळीपर्यंत आणखी चार मशिनं आली. एकेका घरचं धुणं सुटत गेलं. मॅडम त्या दिवसांत घरोघर फिरल्या. मशीन कपडे फाडतं, वीज फार खातं, कॉलरचा मळ तसाच राहतो, असं काय वाटेल ते सांगत होत्या. कर्णिक त्यांना समजावत म्हणाले, की इंग्लंडातही विणकर बसलेच ना घरी, पण पुढे सगळ्यांचं भलंच झालं, तुम्हीच तर सांगता. मॅडमनी विचारलं, "पुढे म्हणजे कधी, कर्णिक? तिने तोवर काय खायचं?" त्यानंतर त्या गच्चीवर यायच्या बंद झाल्या.

एकदा दुपारी मी रजेवर घरी होते. दोन्ही दारं उघडी होती. अनुसयाबाई समोर लादी पुसत होती आणि मॅडम खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मॅडम तिची माफी मागत होत्या. ती म्हणाली, "तुमका काय ठावक, असा होतला म्हणून?"

"ठाऊक होतं गं," मॅडम म्हणाल्या. "आयुष्यभर तेच तर शिकवत आले. फक्त तुझा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही."

अनुसयाबाईला फुकटचे पैसे देता येत नव्हते. मॅडमनी एकदा तसा प्रयत्न केला होता, तर ती चार दिवस आलीच नाही. मग मॅडमच्या गॅलरीत एक नवलच दिसायला लागलं. एकट्या बाईचं घर, पण दोरीवर चादरींची रांग. पडदे, अभ्रे, सतरंज्या, आईची जुनी नऊवार लुगडी. रोज. आमच्या चारचौघांच्या घरातही तेवढं धुणं निघत नव्हतं. माझा नवरा म्हणायचा, मॅडमनी रात्री पाहुणे ठेवायला सुरुवात केली की काय.

अनुसयाबाई आमच्याकडे भांड्यांना यायची. एकदा मी तिला विचारलं, मॅडमकडे इतके कपडे मळतात तरी कसे? तिने हातातलं पातेलं घासता घासताच सांगितलं.

"मळतत खंय? चादरीची घडीसुदा मोडलेली नसता. ट्रंकेतसून काढतत आणि माझ्यासमोर टाकतत. डांबराच्या गोळ्यांचो वास येता."

"मग तू धुतेस कशाला?"

तिने पातेलं विसळून पालथं घातलं. "माका सांताक्रूजाक एक काम मिळाला होता. बरो पगार होतो. नाय म्हटलंय. कपडे धुवून झाले की त्या चाय करतत आणि माका बसवतत. गावच्यो गजाली इचारतत. दुपारची त्यांका दुसऱ्या कोणाक हाक मारूक जागा आसा काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांका सांगू नुको हां. मी धुतंय, कारण त्यांका वाटता माका गरज आसा."

ती हात पुसून समोर गेली. थोड्या वेळाने मी खिडकीशी आले तेव्हा लुगडी वाळत पडली होती आणि आत बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला. अनुसयाबाई तिच्या नणंदेच्या म्हशीची काहीतरी हकीकत सांगत होती. मग मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं.