भरवशाची गाडी

गाडी कुठली घ्यायची हे माझ्या बायकोने शोरूममध्ये, समोरचा चहा निवायच्या आत ठरवून टाकलं. "ही घेऊ. परवडते, पाय पसरून बसता येतं, रंगही बरा आहे," एवढं म्हणून ती बिस्किटाकडे वळली. इकडे मला दरदरून घाम फुटला. कारण ती गाडी स्वस्तातल्या कंपनीची होती, आणि 'स्वस्त' हा शब्द ऐकला की मला पुढचा बिघाड दिसायला लागतो.

यात माझा दोष नाही, माझ्या नोकरीचा आहे. मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तक्रार विभागात मी फोनवर बसतो. 'तुमचा पंखा काय सुरेख फिरतोय हो,' असं सांगायला आजवर एकाही माणसाने मला फोन केलेला नाही. जगातली प्रत्येक वस्तू एक तर बिघडलेली असते किंवा बिघडायच्या बेतात असते, असंच माझं मत झालेलं आहे. (घड्याळाचा गजर लावला तरी गजर वाजेल की नाही या काळजीने मी त्याच्या आधीच जागा होतो.)

आमच्या विभागाचा एक नियम आहे. तक्रार कितीही गंभीर असो, पहिला प्रश्न एकच विचारायचा, "साहेब, प्लग लावलाय का?" समोरचा हमखास भडकतो. "मी काय तुम्हाला येडा वाटलो?" मग लांबून काहीतरी खुडबुड ऐकू येते. आणि मग एकदम पडलेल्या आवाजात, "अं... आपोआप चालू झाला बघा." यावर आम्ही अदबीने म्हणतो, "होतं असं कधीकधी, साहेब." फोन ठेवतो, शेजारच्या टेबलाला सांगतो आणि दोघं मिळून पोट धरून हसतो. या नोकरीत तेवढंच सुख आहे.

तर गाडी आली. पाठोपाठ साडूभाऊ आले. साडूभाऊंची गाडी नावाजलेल्या कंपनीची. त्यांनी आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा चेहरा केला.

"घेतलीत का? बरं केलंत," ते म्हणाले. "सुरुवातीला चालतात तशा."

"सुरुवातीला म्हणजे?"

"म्हणजे चालेल हो. तुम्ही कशाला घाबरता? जरा दार लावून दाखवा."

मी दार लावलं. 'ठण्ण' असा आवाज आला. साडूभाऊंनी डोळे मिटले. मग आपल्या गाडीचं दार लावलं. 'धप्प'.

"ऐकलंत? याला म्हणतात क्वालिटी."

झालं! माझ्या जिवाला घोर लागला. मी पुन्हा ठण्ण केलं, त्यांनी पुन्हा धप्प केलं. मग मी खिशातलं ऑफिसचं ओळखपत्र काढलं आणि दोन्ही गाड्यांच्या दारांच्या फटी मोजायला लागलो. आमच्या फटीत ते सहज गेलं. त्यांच्या फटीत जरा अडखळून गेलं, पण गेलं. साडूभाऊ म्हणाले, "तुमच्या हाताला वळण नाही." वॉचमन काठी घेऊन धावत आला, मला ओळखून ओशाळला आणि बाजूला उभा राहून तोही ठण्ण-धप्प ऐकू लागला. शेवटी बायको गॅलरीत आली.

"अहो, त्या गाडीत बसून कुठे जायचंय, की जन्मभर नुसती दारंच आपटायचीत?"

तिला काय कळणार! मी इंटरनेटवर गाडीबद्दल वाचायला सुरुवात केली होती. (गाडी घेतल्यावर. घेण्याआधी वाचायची माझी हिंमत झाली नव्हती.) शेकडो लोकांनी 'गाडी उत्तम' असं लिहिलं होतं. अशी माणसं मला कधी फोन करत नसल्यामुळे त्यांच्यावर माझा विश्वास बसेना. पण एका गृहस्थाने लिहिलं होतं, 'उभ्या उभ्या बॅटरी उतरली.' हा माणूस मला एकदम घरचा वाटला.

त्या दिवसापासून मी एक उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी गाडी लावली की बॉनेट उघडायचं, पान्याने बॅटरीची एक वायर सोडवून ठेवायची आणि सकाळी ऑफिसला जाताना पुन्हा जोडायची. वायरच नाही तर बॅटरी उतरेल कुठून? घरात बोललो नाही. बोललो असतो तर बायकोने तिच्या बहिणीला सांगितलं असतं, बहिणीने साडूभाऊंना, आणि पुढचं मला ऐकवलं नसतं.

गाडी खरं तर बिनतक्रार चालत होती. दोष म्हणाल तर एकच. तिचं घड्याळ रोज सकाळी बारा वाजलेले दाखवायचं. "बघ," मी बायकोला म्हणायचो, "साधं घड्याळ धड बसवता आलं नाही यांना. इंजिनाचं काय होणार?" (घड्याळाचा आणि त्या वायरीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तक्रार विभागात आहे, दुरुस्ती विभागात नाही.)

अशात बायकोच्या मुलाखतीचं पत्र आलं. ती शाळेत शिकवते आणि मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती. मागच्या वेळी ही जागा तिच्या हातून थोडक्यात गेली होती. त्या दिवशी ती घरी येऊन काही न बोलता मुलांच्या वह्या तपासत बसली होती, ते मी विसरलेलो नाही. या वेळी तिने जीव तोडून तयारी केली होती. मुलाखत शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य कार्यालयात. उशीर झालेल्या उमेदवाराला आत घेणार नाहीत, असं स्पष्ट कळवलं होतं.

"मी सोडतो तुला," मी म्हणालो. छाती फुगवून म्हणालो.

"तुम्ही? आपल्या गाडीने?"

"मग काय! रजाच टाकतो."

तिने पत्रातली वेळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "बरं."

त्या दिवशी मी पहाटेच उठलो. हातपंपाने चाकांत हवा भरली. पाणी पाहिलं, तेल पाहिलं, जादा चाक दाबून पाहिलं. डिकीत पाण्याचा कॅन, टॉर्च आणि गाडी ओढायचा दोर ठेवला. दोर कच्चा वाटला म्हणून दुसरा ठेवला. तरी धीर होईना, म्हणून साडूभाऊंना फोन केला, "आमची दगा देणारच. तुम्ही तुमची घेऊन तयार राहाल का?" ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "मी आहे ना. निश्चिंत राहा." निश्चिंत राहणं मला कुठे जमतंय, पण बरं वाटलं.

बायको खाली आली. कडक इस्त्रीचे कपडे, हातात फाईल, चेहरा शांत. मी तिच्यासाठी दार उघडलं, ठण्ण करून लावलं, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. काही नाही. साधा खरखर आवाजसुद्धा नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. आज तर घड्याळात बारासुद्धा वाजले नव्हते.

"गेली!" मी किंचाळलो. "मी म्हणत होतो! अख्खी इलेक्ट्रिक सिस्टिम गेली! सगळ्या पैशांचं मातेरं!"

"अहो, हळू. लोक बघतायत."

"बघू देत! तुझी मुलाखत, तुझी एवढी मेहनत..." खरंच सांगतो, त्या क्षणी मला गाडीचं काही वाटत नव्हतं. मला तपासायच्या वह्यांचा तो ढीग दिसत होता. माझ्यामुळे ती पुन्हा तशी बसणार, या विचाराने मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात फाटकातून साडूभाऊ आले. शेजाऱ्याच्या स्कूटरवर. डोक्याला घट्ट बसलेलं हेल्मेट, गाल पुढे आलेले.

"तुमची गाडी?" मी ओरडलो.

"वर्कशॉपमध्ये आहे," हेल्मेटमधून आवाज आला. "कंपनीनेच परत बोलावली. ब्रेकमध्ये काहीतरी सापडलं म्हणे. सगळ्यांच्याच बोलावल्यात. फार काळजी घेते हो कंपनी."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"मग मघाशी फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही म्हणालात तयार राहा. मी तयारच होतो. बसा ताई, मागे बसा."

बायकोने स्कूटरकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात एक टॅक्सी फाटकाशी येऊन थांबली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. बायको उतरली, फाईल काखेत धरून चालत गेली आणि टॅक्सीत बसली. "चला, येते मी," म्हणून निघूनसुद्धा गेली. वेळेवर. देव भेटला म्हणायचं! एरवी आमच्या गल्लीत टॅक्सी शोधून सापडत नाही.

भीती ओसरली तसा मला संताप चढला. मी गाडीच्या कंपनीला फोन लावला आणि माझ्या नोकरीत शिकलेली सगळी वाक्यं, इतकी वर्षं मला ऐकवलेली, एका दमात त्या माणसाला ऐकवली. फसवणूक, कोर्ट, वर्तमानपत्र, काही सोडलं नाही. साडूभाऊ हेल्मेट हलवून दाद देत होते.

पलीकडच्याने सगळं ऐकून घेतलं. मग अदबीने विचारलं, "साहेब, बॅटरीची वायर लावलीय का?"

"मी काय तुम्हाला ये..."

मी सावकाश बॉनेट उघडलं. वायर सोडवलेलीच होती, बाजूला निवांत पडलेली. चाकं, पाणी, तेल, दोन दोर, सगळं पाहिलं होतं. ऑफिसला जायचं नव्हतं म्हणून सकाळचं ते एक काम तेवढं राहून गेलं होतं. मी साडूभाऊंकडे पाठ केली, पाना काढला आणि वायर घट्ट केली. किल्ली फिरवताच गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. घड्याळात बारा वाजले.

"अं... आपोआप चालू झाली बघा," मी म्हणालो.

"होतं असं कधीकधी, साहेब," तो म्हणाला. फोन नीट बंद व्हायच्या आत मला दोन माणसांचं हसू ऐकू आलं.

बायको संध्याकाळी आली ती हसतच. निवड झाली होती. मला इतका आनंद झाला, की त्या भरात मी वायरीचं सगळं कबूल करून टाकलं. ती पोट धरून हसली. मी आजवर कुणाच्या मिक्सरबद्दल, पंख्याबद्दल, इस्त्रीबद्दल हसलो असेन त्या सगळ्यांच्या वतीने हसली.

"पण नशीब बघ," मी म्हणालो, "नेमकी त्या वेळेला टॅक्सी आली."

"नशीब कसलं? कालच सांगून ठेवली होती मी."

"काल? आणि मग माझ्या शेजारी येऊन बसलीस कशाला?"

"पहाटेपासून हवा भरत होतात. माझ्याच्याने नाही म्हणवेना."

मला भरून आलं. पण थोडा अपमानही वाटला. गाडीच्या वतीने.

"म्हणजे इतके दिवस मला नावं ठेवलीस, आणि तुझा स्वतःचाच त्या गाडीवर भरवसा नव्हता?"

"गाडीवर होता," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.