हसरे फोटो आणि अडणारं दार

सुट्टीत माहेरी गेले की घरातली एक तरी गोष्ट मी सुधारून येणारच! हिशेब तपासायची नोकरी करणाऱ्या माणसाला गळका नळ किंवा डुगडुगती खुर्ची दिसली की पोटात कळ येते. त्या वर्षी ती कळ आली बाबांच्या फोटो स्टुडिओचं दार पाहून.

दार कसलं, आखाड्यातला पैलवानच! नुसत्या हाताला दाद द्यायचं नाही. उजवा खांदा लावून धडक मारली की एकदम उघडायचं आणि गिऱ्हाईक धडपडत थेट फोटोच्या खुर्चीपाशी!

"बाबा, किती लोक परत जात असतील!"

"माझ्याकडे यायचं ठरवलेला माणूस भिंत फोडून येईल. दाराचं काय घेऊन बसलीस?"

हा तोरा उगाच नव्हता. त्या काळी फोटो काढून घेणं म्हणजे दाढ उपटून घेण्याइतकं गंभीर काम. इतरांच्या फोटोंत माणसं नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसायची. बाबांच्या फोटोंत मात्र सगळे हसरे! नवरदेव हसरा, सावकार हसरा, रडकं पोरही हसरं! बाबा म्हणायचे, ही त्यांच्या विनोदाची करामत. विनोद एकच: उंट टोपी घ्यायला दुकानात जातो. उंट दुकानात शिरायच्या आत गिऱ्हाईक हसत असायचं आणि बाबा हातातला रबरी फुगा दाबून मोकळे! त्या फुग्यापासून लांब नळी कॅमेऱ्यापर्यंत गेलेली. फुगा दाबला, की फोटो निघाला.

बाबा बाहेर गेलेले पाहून मी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या. दार असं झालं की फुंकर मारली तरी उघडावं! बाबाही खूश. "पोरगी शिकली त्याचं चीज झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं देवघरात शिरावीत तशी हळूच आत येऊ लागली. बसली. बाबांनी उंट दुकानात नेला. कोणी हसेना. टोपी दाखवली. कोणी हसेना. शेवटी बाबा स्वतःच उंटासारखे मान लांब करून उभे राहिले, तर समोरच्या आजोबांनी विचारलं, "मानेला काही लागलंय का हो?"

आठवडाभरात बाबांचा चेहरा उतरला. जेवताना घास हातातच राहायचा.

"हात गेला गं माझा," एका सकाळी ते आईला म्हणाले. "उद्या इस्पितळातल्या मेट्रनबाई येणार, निरोपाच्या फोटोला. नर्सपोरींनी बजावलंय, फोटो हसराच हवा. हे नाही जमलं तर स्टुडिओला कुलूप लावतो."

मेट्रनबाई हसणार? त्या वॉर्डात शिरल्या की दुखण्याने बेजार पेशंटही कण्हायचं थांबवत! निवृत्त होत होत्या, पण त्यांचे दात कोणी पाहिले नव्हते.

बाबा अंघोळीला गेल्यावर आईने मला कोपऱ्यात घेतलं. आई फोटोंवरचे डाग बारीक ब्रशने मिटवायची.

"तुझ्या बाबांच्या हाताला काही झालेलं नाही. दाराला झालंय."

"म्हणजे?"

"अगं, माणूस धडपडत आत आला की स्वतःलाच हसतो. ते हसू ओसरायच्या आत हे फुगा दाबतात. दाराचा पांढरा रंग लागलेले या गावाचे सगळे उजवे खांदे मी पुसलेत! मला नाही कळणार?"

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? की तुमचा उंट कधी कोणी ऐकलाच नाही?"

मी सुतारकाकांकडे धावले. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"दार अडत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्याच, ताई! अडणारं दार बनवलं तर उद्या मला कोण काम देईल?"

शेवटी आम्हा मायलेकींनाच ते काम करावं लागलं. आई म्हणाली, चौकटीला सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ठोक, पुरे. पण काम कसं पक्कं हवं! मी तीन ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई आल्या. बाहेरून ढकलल्याचा आवाज. दार ढिम्म! पुन्हा आवाज. दार ढिम्म!

"आत कोणी जिवंत आहे का?" बाहेरून विचारणा झाली. रोजची सवय!

बाबांनी फुगा आईच्या हातात कोंबला आणि धावत जाऊन आतून दार ओढू लागले. त्याच क्षणी मेट्रनबाईंनी बाहेरून सगळ्या नोकरीचं बळ खांद्यात आणून धडक मारली. दार उघडलं! बाई आल्या, बाबा गेले, खुर्ची कलंडली आणि मागचा रंगवलेला पडदा, राजवाडा आणि कारंज्यासकट, दोघांवर कोसळला!

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, लागलं कुलूप!

पडद्याखालून आधी मेट्रनबाईंचं डोकं वर आलं, कपाळावर कारंजं घेऊन. त्यांनी सवयीने बाबांचं मनगट चाचपलं. "नाडी चालू आहे. नाव सांगा."

"उंट..." बाबा आतून पुटपुटले.

बाईंच्या घशातून आधी चहाच्या किटलीसारखा बारीक आवाज आला. मग झाकणच उडालं! अशा हसल्या, अशा हसल्या, की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. आणि खट्! कॅमेऱ्याचा आवाज आला.

"दाबला!" बाबा पडद्याखालून ओरडले. "पडता पडता दाबला मी फुगा! बघितलंस? हात गेलेला नाही!"

आईने फुगा हळूच टेबलावर ठेवला.

फोटो असा आला की नर्सपोरींनी त्याच्या सोळा प्रती मागितल्या. बाबांचे घास पुन्हा तोंडापर्यंत पोचू लागले. आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दार काचेचं आहे, आपोआप उघडणारं. आत कोणी हसत नाही.

पण तो फोटो धुऊन निघाला त्या दुपारी मी खोलीत गेले तेव्हा आई फोटोवर वाकून बसली होती. खालच्या कोपऱ्यात, पडद्यातून बाहेर आलेले बाबांचे दोन्ही हात मेट्रनबाईंचा बूट घट्ट धरून होते. आई ते काळजीपूर्वक मिटवत होती.

"राहू दे की गं! किती मजेशीर दिसतंय!"

"छे!" आईने ब्रश पाण्यात बुचकळला. "ज्याने फोटो काढला, त्याचे हात फोटोत कसे येतील?"